भेगेवरचा दिवा

तळ्याच्या बांधाला भेग पडली होती आणि आभाळ भरून आलं होतं. बांधाखाली राहणारी धोंडूबाई कोळीण धापा टाकत दरबारात आली. "महाराज, गवंडी पाठवा, बांध आजच फुटेल!"

राजा हसला. "तीन वर्षं बांधावरच्या देवीपुढे दिवा लावतेस, तरी भेग वाढतेच आहे. मग देवी आहे कशावरून? पटेल असं सांग, नाहीतर आजपासून दिवा बंद!"

बाहेर गडगडलं. धोंडूबाई एक पाऊल पुढे आली.

"महाराज, याच भेगेसाठी मी तुमच्या दारी तीनदा आले, तीनदा रिकाम्या हाती परतले. गाव म्हणतं, राजा नाहीच. मी म्हणते, आहे, ऐकेल. म्हणून आज चौथ्यांदा आले. आता गावाला काय सांगू?"

राजाने तडक गवंडी धाडले, आणि त्यांच्याबरोबर दिव्याला तेलही.