पाटावरचा गणपती

"मग आता थांबू का, माई?"

हेरंबनं विचारलं आणि पाणावलेले डोळे चोळले. अकरा महिने तो संगणकाला चित्रं दाखवत होता. चित्रातल्या एकेका वस्तूभोवती चौकट आखायची, तिचं नाव लिहायचं. ही घागर, हा उंबरा, ही पायरी. अशी लाखभर चित्रं, डोळ्यांत तेल घालून. ज्यांना दिसत नाही त्यांना समोर काय आहे ते फोननं सांगावं, एवढ्याचसाठी. माईंची दृष्टी गेली तेव्हाच त्यानं हे काम मनावर घेतलं होतं.

आता अंगात त्राण उरलं नव्हतं. 'पुरे झालं, बाळा' एवढं माईंच्या तोंडून ऐकायला तो त्यांच्या मठात आला होता.

विनायकी चतुर्थीची पूजा नुकतीच झाली होती.

"माझ्यापुढं काय आहे, विचार त्याला," माई म्हणाल्या.

त्यानं फोन पाटापुढं धरला.

"पाट," फोन बोलू लागला. "निरांजन. दोन केळी. तांदूळ. गवत. सुपारी."

"दूर्वा म्हणायचंय त्याला," हेरंब घाईघाईनं म्हणाला. "बाकी सगळं बिनचूक आहे."

"आणि गणपती?"

"गणपती कुठाय, माई? तांदळावर ती सुपारी तेवढी..."

तो मधेच थांबला.

"नावाचा हेरंब तू. तुलाही दिसला नाही होय रे?" माई हसल्या.

त्याला हसू आलं नाही.

"ते चित्रात नसतं, माई. मी चौकट कुठं आखू?"



निरांजनाची वात शांत होईपर्यंत माई पाटापुढं बसून राहिल्या.

मग माईंनी चाचपडत अक्षता घेतल्या. हात जोडले. 'पुनरागमनाय च' असं पुटपुटत अक्षता वाहिल्या आणि देव हलकेच उत्तरेला सरकवला. थोडं थांबून सुपारी उचलली, पदरानं पुसली आणि हेरंबच्या तळहातावर ठेवली.

"आता विचार."

त्यानं थकल्या हातानं फोन धरला.

"सुपारी," फोन म्हणाला.

माईंनी मान डोलावली.

"आता बरोबर. मघाशी घाई केली त्यानं... थांबायची तू नको करूस."