दिव्याखालचं जोडवं

"मग लाल घेऊ की नारिंगी, मास्तर?"

शंतनूने तिसऱ्यांदा विचारलं. शंतनू म्हणजे माझा नवरा. लग्नाला सव्वा महिना झाला होता, त्यामुळे तो एकच प्रश्न किती वेळा विचारू शकतो हे मला नुकतंच कळू लागलं होतं.

बाबालाल मास्तर मिरजेतल्या त्यांच्या स्टुडिओच्या डार्करूममध्ये ट्रे विसळत होते. आमच्या लग्नाचा एक रोल त्यांनीच काढला होता, जुन्या कॅमेऱ्यावर, ब्लॅक अँड व्हाइट. "प्रिंट मी काढणार," असं त्यांचा हा शिष्य गावभर सांगून बसला होता. माझ्या आईला तर रविवारचा वायदा होता.

घरी काढलेल्या सगळ्या प्रिंटांत माझ्या मुंडावळ्यांचे मोती करडे आले. धुरात लग्न लागल्यासारखे.

"दिवाच चोर आहे," म्हणत शंतनूने पिशवीतून दोन नवे दिवे काढले, एक लाल, एक नारिंगी. डार्करूमला असा दिवा लागतो, जो माणसाला दिसेल पण फोटोच्या कागदाला दिसणार नाही. कागद तीनच उरले होते.

मास्तर माझ्याकडे वळले. "सूनबाई, अंगावरचं बारीकसं काही दे."

मी पायातलं जोडवं काढलं. लग्नापासून ते चावत होतं, तेव्हा जरा जास्तच चपळाईने काढलं असेल.

मास्तरांनी स्वतःचा जुना नारिंगी दिवा लावला. एका कागदाचे फाडून दोन तुकडे केले. शंतनूचा चेहरा बघण्यासारखा झाला. एका तुकड्याला त्यांनी क्षणभर पांढरा उजेड दाखवला. "जरा जागा करतो याला, म्हणजे थोडासा उजेडही टिपेल." मग तो दिव्याखाली ठेवला आणि त्यावर जोडवं.

"हां. आता सांग, लाल आणि नारिंगीत फरक काय?"

शंतनू सांगू लागला. कागदाला कोणता रंग दिसतो, कोणता दिसत नाही... मग काच, मग बल्ब, मग भिंतीपासूनचं अंतर...

मास्तर मान डोलवत राहिले. कागद पडून होता.

शंतनू श्वास घ्यायला थांबला, तेव्हा मास्तरांनी कागद औषधात बुडवला. करड्या रंगावर जोडव्याचं फिकट वेटोळं उमटलं. जोडव्याखाली होता तेवढाच कागद वाचला होता.

"बघा," शंतनू खूश होऊन म्हणाला, "तुमचा दिवापण चोरच."

"हूं."

दुसरा तुकडाही त्यांनी तसाच जागा केला. तोच दिवा, तेच जोडवं. शंतनूने तोंड उघडलं. मास्तरांनी चिमट्याचं टोक त्याच्या ओठांसमोर धरलं. दोन मिनिटं गेली. कागद बुडाला.

सगळा सारखा करडा. वेटोळं नाही.

"...मघाशी मी किती वेळ बोललो?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

"अकरा मिनिटं," मी म्हणाले. घड्याळ बघायची सवय मला सव्वा महिन्यातच लागली होती.

घरीही तो प्रत्येक कागद दिव्याखाली धरून आधी मला सगळं समजावून सांगायचा. त्याचे कान लाल झाले असावेत; नारिंगी उजेडात कळत नव्हतं.

मग खरा प्रिंट निघाला. कुणीच काही बोललं नाही. ट्रेमध्ये आधी माझ्या भुवया आल्या, मग हसू, आणि मोती... पांढरेच राहिले.

रविवार वाचला.

प्रिंट पाण्यात पोहू लागला तसा शंतनूला कंठ फुटला. "म्हणजे मास्तर, नारिंगीच घ्यायचा ना? की लालसुद्धा..."

मास्तरांनी हात वर केला आणि दिव्याचं बटण बंद केलं.

मिट्ट काळोख. नळ ठिबकत होता. जोडवं माझ्या मुठीत.

"...मास्तर?"

"हा दिवा घे," काळोखातून आवाज आला. "याच्याखाली पाहिजे तेवढं बोल की."