काजळ्याची भीती

"...मग मास्तर, आणखी काय करू? दात वाढवू की डोळे लाल करू?"

निनाद घोरपडे अगदी काकुळतीला आला होता. एरवी त्याचा तोरा काय वर्णावा! पण काजळ्यावर तो भुताचा सिनेमा काढत होता, आणि पहिलीच दृश्यं पाहून सगळे खो खो हसले होते. पुढच्या खेपेला लोक घाबरले नाहीत तर सिनेमा बंद, असं निर्मात्यानं बजावलं होतं.

काजळ्या म्हणजे मिराशी मास्तरांच्या चित्रकथांमधला चोर. मेल्यावरही चोऱ्या करणारा, महालबाड, तरी गरिबाच्या बाजूचा. त्याच्या वेडापायीच निनाद लहानपणी मास्तरांकडे चित्रकला शिकला होता. म्हणून तर आज धावत मिरजेला आला होता.

"मुखवटा आणलायस?" मास्तरांनी विचारलं.

निनादनं पिशवीतून तो मोठ्या ऐटीत काढला. मास्तरांनी चढवला. तेवढ्यात काकू पोहे घेऊन आल्या.

"अगंबाई! खाताना तेवढा जबडा काढून ठेवा हो," म्हणाल्या आणि आत गेल्या.

निनादचा चेहरा पडला.

"बघितलंत? इतका निडर केलाय मी याला. कुणाच्या बापाला भीत नाही. तरी..."



मुखवटा हळूच वळला आणि निनादच्या खांद्यावरून पलीकडे बघू लागला.  मास्तरांच्या हातातली बशी कलंडली, पोहे सतरंजीवर सांडले. ते बसल्या बसल्या मागे सरकू लागले...

भर सकाळी निनादच्या अंगावर सर्रकन काटा आला. मागे बघायचं धाडस होईना. अखेर जीव मुठीत धरून तो वळला.

मागे नुसती भिंत होती.

मास्तर मुखवटा काढून पोट धरधरून हसत होते. निनादलाही हसू फुटलं, आणि हसता हसता आठवलं. प्रत्येक अंकाच्या शेवटच्या चौकटीत काजळ्या असाच बाहेर कशाकडे तरी बघून गारठायचा! नायकाला घाबरणं शोभत नाही, म्हणून निनादनं नेमकं तेवढंच गाळलं होतं. आता त्याला आनंदानं नाचावंसं वाटलं.

"मास्तर, पण त्याला दिसायचं तरी काय? सांगाच. झकास दाखवतो पडद्यावर!"

मास्तर सांडलेले पोहे गोळा करत म्हणाले,

"ते मी काढलं असतं, तर तू आज इथं आला असतास का?"