दोरीचं दुसरं टोक

एक होता राजा, आणि तो पडला चिखलात. हसू नका, बरं का, खरंच पडला. नदीकाठाने त्याची मिरवणूक चालली होती. गावातली सगळी कुत्री भुंकत धावली, हत्ती बिचकला आणि महाराज अंबारीतून थेट चिखलात! मग राजाने मिशा पुसल्या आणि हुकूम काढला. आज दिवस मावळायच्या आत प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात दोरी हवी, आणि ती मालकाच्या हातात हवी. ज्याला दोरी नसेल ते कुत्रं नावेत घालून पलीकडच्या रानात सोडायचं.

त्या गावात हौसा नावाची मुलगी होती. तिला आई नव्हती. वडील दोर वळायचे, बैलांचे कासरे, गाईंची दावी. पण त्या दिवशी ते लांबच्या बाजाराला गेले होते आणि घरातला दोरन् दोर घेऊन गेले होते. मागे उरला दोर वळायचा थोडा अंबाडीचा वाख आणि फेंगड्या. फेंगड्या म्हणजे हौसाचं कुत्रं. पुढचे दोन्ही पाय वाकडे, म्हणून फेंगड्या. तो रोज तिच्या पायाशी झोपायचा. त्याला कधी कोणी बांधलं नव्हतं.

"चिखलात पडले महाराज, मग शिक्षा कुत्र्यांना का?" हौसाने दवंडीवाल्याला विचारलं.

"मला काय माहीत? मी नुसती दवंडी पिटतो," तो म्हणाला आणि पुढे गेला.

मग हौसाने वाख भिजवला आणि दोरी वळायला घेतली. आता दोरी वळायची रीत कशी? एकाने एक टोक धरून बसायचं, दुसऱ्याने पीळ देत मागे मागे जायचं. नेहमी वडील पीळ द्यायचे आणि हौसा टोक धरायची. आज धरायला कोण? मग तिने टोक बांधलं गोठ्यातल्या खुंट्याला. पीळ दिला, तीन पेड घातले, दोरी खुंट्यावरून सोडून फेंगड्याच्या गळ्यात अडकवली आणि निघाली नदीकडे.

आणि काय झालं माहितीये? दहा पावलं गेली नि समोर खुंटा! हौसा म्हणाली, "वाट चुकले वाटतं." पुन्हा निघाली. पुन्हा खुंटा. तिसऱ्यांदा तर ती डोळे ताणून सरळ नाकासमोर चालली. तरी दोरी फेंगड्याला ओढत होती, फेंगड्या तिला ओढत होता, आणि दोघं परत खुंट्यापाशी. फेंगड्याने खुंटा हुंगला आणि हौसाकडे पाहिलं. त्यालाही काही कळेना.

मग हौसाने ती दोरी टाकली आणि शेजारच्या मंजुळाकाकूंना हाक मारली. काकूंनी टोक धरलं आणि सुनेच्या तक्रारी सांगत बसल्या. दुसरी दोरी झाली, काकू घरी गेल्या. हौसा निघाली ती नदीकडे, आणि पोचली कुठे? काकूंच्या चुलीपाशी!

"अगं, हे काय? कुत्रं मला देतेस की काय?" काकू ओरडल्या. "तीन मांजरं सांभाळतेय मी, तेवढी पुरेत!"

"मी नाही आले काकू. दोरीने आणलं."

"दोरी कधी कोणाला आणते का? घरी जा, ऊन लागलंय तुला."

हौसा अंगणात येऊन बसली. डोकं धरलं. खुंट्याने टोक धरलं, दोरी खुंट्याकडे गेली. काकूंनी धरलं, दोरी काकूंकडे आली. म्हणजे पीळ बसताना जो धरून बसतो, त्याचीच होते का ती? मग धरायचं कोणी? आपण? पण हात दोन आणि दोन्ही पीळ द्यायला लागतात. ऊन कलायला लागलं होतं. वाख उरला होता शेवटच्या दोरीपुरता.

तेवढ्यात फेंगड्याने वाखाचं टोक तोंडात धरलं. त्याला वाटलं, खेळ आहे.

"सोड रे!" हौसा ओरडली. मग थांबली. मग हळूच म्हणाली, "नको. सोडू नकोस. बस."

आणि फेंगड्या बसला, बरं का! वाकडे पाय जमिनीत रोवून बसला. हौसा पीळ देत मागे मागे गेली. तो हलला नाही, दोरी त्याने चावलीही नाही. नुसता तिच्याकडे बघत राहिला, पीळ पुरा होईपर्यंत.

मग ती दोरी फेंगड्याच्या गळ्यात अडकवून दोघं नदीवर पोचली. नाव भरत आली होती. आत कुत्री केविलवाणी रडत होती. दोरी पक्की आहे का बघायला कोतवालाने ती हातात घेतली आणि फेंगड्याला नावेकडे ओढून पाहिलं. फेंगड्याआधी हौसाच नावेत चढली. तिला बाहेर ओढलं, तर फेंगड्या उडी मारून बाहेर!

कोतवालाने पगडी काढून डोकं खाजवलं. "पोरी, कुत्र्याकडचं टोक कोणतं यातलं?"

"मलाही कळत नाही हो," हौसा म्हणाली.

काठावर राजा बसला होता. त्याच्या हातात सोन्याची साखळी, साखळीला त्याचा उंचापुरा कुत्रा. पण कुत्रा राजाकडे पाठ करून बाजाराकडे ओढ घेत होता.

"पोरी, आमचा हा रोज सोनाराच्या दुकानाकडेच पळतो," राजा म्हणाला. "मांस घालतो, मखमलीवर निजवतो. तरी सोनार! का गं?"

"महाराज, साखळी घडवताना दुसरं टोक कोणी धरलं होतं?"

राजाने साखळी उलटसुलट करून पाहिली. साखळी सोनारानेच घडवली होती, आणि धरलीही त्यानेच.

मग राजाने वाख मागवला. राजा खाली बसला, त्याच चिखलात. कुत्र्याने टोक तोंडात धरलं. राजाला पीळ देता कुठे येतो? वेडीवाकडी, गाठींची दोरी झाली. पण कुत्रा वळला आणि राजाच्या मांडीवर डोकं ठेवून पडला. राजा किती वेळ हललाच नाही. मग म्हणाला, "नाव रिकामी करा. ज्याच्या त्याच्या घरी दोऱ्या वळू देत. आज नाही झाली तर उद्या."

मग घरोघरी दोऱ्या वळल्या गेल्या, आणि नाव रिकामीच राहिली. फेंगड्या हौसाच्या पायाशी झोपायला लागला, पहिल्यासारखा. त्या दिवशी नदीवर कोणी कोणाला नेलं, ते मात्र हौसाला कधीच कळलं नाही.

मलाही नाही कळलं. चला, आता गोधडीचं एक टोक तुम्ही धरा, एक मी धरते. मिटा डोळे.