एकवीस प्रदक्षिणा

“...आणि नेम मोडला तर, महाराज?”

विचारणारे वामनराव ढोबळे, निवृत्त ड्रिलमास्तर. मठातल्या समाधीभोवती रोज अनवाणी एकवीस प्रदक्षिणा, नऊ वर्षं, एकही खाडा नाही. आणि ही गोष्ट ते न विचारता सगळ्यांना सांगत.

आता त्यांच्या उजव्या तळपायाला मधुमेहाची जखम होती. तिच्यावर भार पडू नये म्हणून डॉक्टरांनी जाड तळाचा खास बूट दिला होता. भार पडत राहिला तर पाय कापावा लागेल, असंही बजावलं होतं. वामनराव बूट इमानेइतबारे घालत. फक्त मंडपाच्या पायरीशी काढून ठेवत. देवाच्या दारात बूट घालून कोण जाईल? दोन महिने झाले, जखम होती तशीच.

“दुखतं?” ऐंशीच्या घरातल्या ओंकारगिरी महाराजांनी विचारलं.

“छे, काही कळतसुद्धा नाही. नऊ वर्षांच्या तपाचं फळ, दुसरं काय.”

महाराज खाली बसले. मास्तरांचा डावा, चांगला पाय त्यांनी मांडीवर घेतला. वामनराव ओशाळून गेले. महाराजांनी तळव्यातून बाभळीचा काटा उपसला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

“हा कधी रुतला?”

वामनरावांनी दुसऱ्या हाताने तळवा चाचपला.

वामनरावांना पहिल्यांदाच भीती वाटली. तप समजून ज्याची ते ऐट मिरवत होते, तो पायांचा बधिरपणा म्हणजे मधुमेहाचं दुखणं होतं.

महाराज उठले, पायरीवरचा बूट उचलून सरळ मंडपात घेऊन आले. जपाला बसलेल्या बायका बघतच राहिल्या. महाराजांनी आपल्या हाताने तो शिष्याच्या पायात चढवला, पट्टे आवळले आणि त्याला भिंतीशी बसवलं.

मग काठी टेकत स्वतः समाधीभोवती चालू लागले. वामनराव उठायला गेले, तर महाराजांनी नुसते डोळे वटारले. ड्रिलमास्तर मुकाट बसले.

एक... दोन...

चौथ्या फेरीनंतर वामनरावांची चुळबुळ थांबली. रोज फेऱ्या मोजण्याच्या नादात त्यांनी समाधीकडे कधी धड पाहिलंच नव्हतं. आज निवांत पाहिलं. बरं वाटलं, खूप बरं वाटलं.

तरी खोड काही लगेच जात नाही. एकविसावी फेरी संपवून महाराज धापा टाकत शेजारी टेकले, तेव्हा वामनरावांनी हळूच विचारलं, “महाराज, याचं पुण्य कोणाला... तुम्हाला की मला?”

महाराजांनी छाटीच्या टोकाने बुटावरची धूळ पुसली.

“पायाला.”