पवित्र दार आणि वाडीचं फाटक

बस्त्यावशेठ तुस्कानो रोमला जाऊन आले आणि वसईकडच्या आमच्या गावाला ते रोज ऐकावं लागलं. ज्युबिलीचं वर्ष होतं. तिथल्या मोठ्या चर्चच्या, पंचवीस वर्षांनी उघडणाऱ्या पवित्र दारातून शेठ आत गेले होते, आणि आपल्या पापांचा दंड माफ झाल्याचं भेटेल त्याला सांगत होते.

इकडे त्यांच्या केळीच्या वाडीच्या फाटकाला मात्र चार वर्षं कुलूप होतं. चर्चला जायची जवळची वाट तिथूनच. गावातल्या कोंसूमावशीचा नवरा पेद्रू चाकांच्या खुर्चीला खिळलेला. लांबच्या खडकाळ रस्त्याने खुर्ची जाईना, म्हणून चार वर्षांत त्याला चर्चमधली एकही रविवारची प्रार्थना, मिस्सा, मिळाली नव्हती.

एका रविवारी चर्चच्या अंगणात शेठ मावशीला म्हणाले, "तुम्हाला कुठलं रोम झेपायला! काय विचारायचं ते मला विचारा."

"एकच विचारते. त्या दारात तुम्हाला कोणी अडवलं का, की जागा आमची आहे, लांबून वळसा घालून या?"

"छे! कोण अडवेल? देवाकडे जायची वाट ती!"

"मग आमचा पेद्रू कुठे जायला निघतो, शेठ?"

शेठनी खिशातून फाटकाची किल्ली काढली आणि मावशीच्या हातावर ठेवली.

पुढच्या रविवारी खुर्ची शेठच ढकलत होते. फाटकात थांबून ओल्या आवाजात म्हणाले, "मावशी, फार उपकार झाले. रोमहून मी नुसते फोटो आणले होते."

मावशीने डोळे पुसले. "उपकार मिस्सेनंतर माना, शेठ. आधी ढकला, घंटा झाली!"