न सांगितलेला वारा

फार जुन्या काळची गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. ज्यांना नक्की ठाऊक होतं ती माणसं केव्हाच गेली.

एका उंच कड्याच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं. जमीन खडकाळ, पिकायचं थोडंच. पण कड्याच्या अंगाला आग्या माश्यांची पोळी लटकायची, एकेक सुपाएवढं. गाव त्या मधावर जगायचं. मध खालच्या गावांना द्यायचा आणि वर्षाचं धान्य घरी आणायचं. मध आला तर घरोघरी भाकऱ्या, नाही आला तर उकडलेले कंद.

आता हा मध काढायचे कसा, ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. चार माणसं कड्याच्या माथ्यावर अंबाडीचा जाड दोर धरून बसायची. एक माणूस तो दोर कमरेला बांधून खाली उतरायचा, हातात ओल्या पाल्याची धुमसती चूड. पण कडा मध्येच पोट काढून पुढे आलेला. वरच्यांना खालचा दिसायचा नाही आणि खालच्याला धुरापलीकडे काही दिसायचं नाही. म्हणून समोरच्या टेकाडावर आणखी एक जण उभा राहायचा. त्याला सगळं दिसायचं. तो तिथून हाक द्यायचा. "सोड" म्हटलं की दोर सुटायचा, "धर" म्हटलं की थांबायचा, "ओढ" म्हटलं की वर यायचा. त्याला गावात हाकाऱ्या म्हणत.

आणि एक नियम होता. दोर एका दिवशी एकाच आवाजाचा. पूर्वी कधीतरी दोरावरचा माणूस माश्या चावल्यावर भलतंच ओरडला, वरचे गोंधळले आणि तो खडकावर आपटला. तेव्हापासून ठरलं, की त्या दिवशीच्या हाकाऱ्याशिवाय कुणाचं ऐकायचं नाही. खालचा स्वतः बोंबलला तरी नाही.

तीस वर्षं हा आवाज एकाच माणसाचा होता. गाव त्याला आबा म्हणायचं. आणि तीस वर्षं त्याच्या आवाजावर एकच माणूस दोरावर उतरत आला होता, त्याचा लहानपणापासूनचा मित्र. दोघं एकमेकांना नावाने हाक मारत नसत. "अरे" म्हटलं की दुसऱ्याला कळायचं.

त्या वर्षी आबाची एक हाक चुकली. फार नाही, इतकीच, की "धर" म्हणायला क्षणभर उशीर झाला. मित्राचा खांदा खडकाला घासला, मधाचं मडकं फुटलं. मित्र हसला. म्हणाला, "मडकंच गेलं ना, डोकं तर राहिलं!" पण माथ्यावरची चार माणसं हसली नाहीत. त्यांनी घरी जाऊन सांगितलं, की आबा हल्ली डोळे बारीक करून बघतात.

पंच बसले. पलीकडच्या खोऱ्यातला एक तरुण मोठ्या आवाजाचा आणि तीक्ष्ण नजरेचा म्हणून प्रसिद्ध होता. त्याला बोलवायचं ठरलं. एक हंगाम त्याने आबांजवळ शिकावं आणि मग टेकाड सांभाळावं. ठरवलं खरं, पण आबांना सांगायचं कुणी? जो तो दुसऱ्याकडे बघत राहिला. तोवर आबाच्या बायकोला ते पाणवठ्यावर कळलं. कुणीतरी घागर उचलता उचलता विचारलं, "मग काय वहिनी, आता आबांना आराम?"

तिने घरी येऊन घागर ठेवली आणि म्हणाली, "अहो, तुमच्या जागी माणूस आणतायत म्हणे."

आबाने ताटातली भाकरी मोडली, पण खाल्ली नाही. "कोण म्हणालं?"

"सगळं गाव म्हणतंय. तुम्हालाच तेवढं ठाऊक नाही."

दुसऱ्या दिवशी तो आपणहून पंचांपुढे गेला. कुणी काही बोलायच्या आत म्हणाला, "येऊ द्या की पोराला. मी काय जन्मभर उभा राहणार आहे? जे मला येतं ते त्याला देईन." पंचांच्या जिवात जीव आला. पाटील म्हणाले, "आबा, मन असावं तर असं!" बाहेर बायकासुद्धा म्हणाल्या, की मोठं काळीज आहे हो माणसाचं.

पण मोठं काळीज घेऊन तो घरी आला, आणि बायकोने पुन्हा वाढलेलं ताट त्याने पुन्हा तसंच सरकवलं.

तरुण आला. वागायला वाईट असता तर बरं झालं असतं, राग धरायला काही सापडलं असतं. पण तो पहाटे आबाच्या आधी दारात उभा. आबाची घोंगडी आपल्या खांद्यावर घेणार, टेकाड चढताना दोन पावलं मागे राहणार. आणि प्रश्न तरी किती! "आबा, दोर झोके घ्यायला लागला तर? आबा, धूर दाटला आणि माणूस दिसेनासा झाला तर?"

आबा प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायचा. खोटं एकही सांगितलं नाही. मात्र जे विचारलं तेवढंच सांगायचा, त्याच्या पुढे एक शब्द नाही.

आणि एक गोष्ट अशी होती, की ती कुणाला विचारायलाही सुचली नसती. कड्याच्या अगदी तळाला, एका भेगेत, रुईचं झुडूप होतं. रुईची पानं वरून हिरवी, खालून पांढुरकी. झुडूप एकदम पांढरं दिसलं की समजायचं, दरीतून वारा उठलाय. तो वर यायला दहा श्वास लागतात. आला की धूर कड्यापासून उडवून नेतो आणि दोरावरचा माणूस चवताळलेल्या माश्यांसमोर उघडा पडतो. म्हणून झुडूप पांढरं दिसताच "ओढ" म्हणायचं. मग समोर भरलेलं पोळं असो की काहीही असो.

हे आबाला कुणी शिकवलं नव्हतं. पहिली चार वर्षं कड्यासमोर बसून त्याने स्वतः शोधलं होतं. गावाला वाटायचं, आबांना वाऱ्याचा वास येतो. मित्रालाही वाटायचं की याला काहीतरी कळतं, पण काय ते त्याने कधी विचारलं नाही.

आबा मनाशी म्हणायचा, सांगू, हंगाम अजून आहे. मग म्हणायचा, माझं मी कमावलं, त्याचं त्याने कमवावं. आणि अगदी आतून एक आवाज म्हणायचा, की एवढं एक माझ्याजवळ राहिलं तर त्यांना माझी गरज राहील.

तरुणाच्या पहिल्या दिवसाची वेळ आली. आदल्या दुपारी मित्र दोर तपासत बसला होता. पीळ चाचपता चाचपता त्याने विचारलं, "अरे, तुझं ते वाऱ्याचं सांगितलंस ना त्याला?"

आबा म्हणाला, "सांगितलं."

"सगळं?"

"सगळं सांगितलं रे. किती वेळा विचारशील?"

"चिडतोस कशाला? उद्या मी लटकणार आहे, तू नाही," मित्र म्हणाला आणि हसत हसत पुढचा पीळ चाचपू लागला.

संध्याकाळी तरुण आबाच्या पाया पडला. "आबा, अजून काही सांगायचं राहिलंय का?"

बायको दारातून बघत होती. आबाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काही नाही राहिलं."

दुसऱ्या दिवशी सगळं गाव पायथ्याशी जमलं. पाटलांनी मोठ्याने सांगितलं, "आजचा आवाज नव्या हाकाऱ्याचा!" माथ्यावरच्या चौघांनी दोर उंचावून होकार दिला. मित्र उतरू लागला. तरुणाचा आवाज खणखणीत होता. सोड. धर. सोड. नजर अशी, की दोर वीतभर कललेला त्याला दिसायचा. आबा शेजारी दगडावर बसून होता. बघत होता आणि एकही चूक सापडत नव्हती.

मित्र पोळ्याजवळ पोचला. धूर दाटला, माश्यांचा काळा थर हलला. पोळ्याचा पहिला तुकडा मडक्यात पडला तेव्हा खालून लोकांनी आरोळी दिली.

तेवढ्यात रुई पांढरी झाली.

आबाला ती दिसली. तरुणाला दिसली नाही. तो दोराकडे बघत होता, त्याला शिकवलं होतं तसं. आणि ऐका, त्या क्षणी आबाला भीती वाटली नाही, आनंद झाला. दिसलं! मला अजून दिसतं! तीक्ष्ण नजरेच्या पोराला दिसलं नाही ते मला दिसलं!

एक श्वास गेला. दोन गेले. आता हा वळेल, आबाला वाटलं, आता हा घाबरून विचारेल, की आबा, काय करू. तिसरा गेला, चौथा गेला. पाचवा गेला. तरुण वळला नाही. विचारायचं आहे हेच त्याला माहीत नव्हतं.

मग आबाला मित्र दिसला. नुसता मित्र, दोराला लटकलेला.

तो उठून ओरडला, "ओढ! ओढ!"

दोर हलला नाही. माथ्यावर आवाज पोचला, पण आज दोर त्या आवाजाचा नव्हता. तरुण दचकून आबाकडे बघू लागला. "आबा? का? सगळं तर ठीक आहे."

"ओढ म्हण! म्हण रे!"

तेवढ्यात वारा आला. धूर एखादं पांघरूण ओढावं तसा निघून गेला. दोरावरून मित्र ओरडू लागला, "ओढा! मला ओढा!" चौघांनी दात आवळून दोर धरून ठेवला, कारण खालच्याचं ऐकायचं नाही हा नियम. तरुणाच्या तोंडून "ओढ" निघेपर्यंत मित्राचं अंग माश्यांनी काळं झालं होतं.

त्याला जिवंत वर काढलं, एवढंच म्हणायचं. आठ दिवस ताप होता. सूज उतरली तेव्हा दोन्ही डोळे गेले होते.

तरुणाने पंचांपुढे हात जोडले. "चूक माझी. वारा कळला नाही मला." आबाकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. आपलं गाठोडं उचललं आणि आपल्या खोऱ्यात निघून गेला. पंच खाली मान घालून आबाच्या घरी आले. पाटील म्हणाले, "आबा, तुमच्याशिवाय नाही जमायचं हो. टेकाड तुमचंच."

जे हवं होतं ते मिळालं. ते घेऊन आबा मित्राकडे गेला.

मित्र ओट्यावर बसला होता, डोळ्यांवर फडकं. पावलं ओळखून म्हणाला, "ये."

आबा बसला. मग मित्राने विचारलं, "तुझी हाक ऐकली मी. त्या पोराच्या हाकेआधी ऐकली. तुला दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं."

"कधी?"

आबाला खोटं बोलता आलं असतं. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

"आणि त्याला सांगितलं नव्हतंस."

"नव्हतं."

मित्राने मान हलवली. "अरे, मला म्हणाला असतास की नाही सांगितलं, तर मी नसतो उतरलो. तुझ्यावर रागावलोही नसतो. म्हणालो असतो, म्हातारा झाला, हट्टी झाला." मग हळूच म्हणाला, "मी कुणाला सांगणार नाही. पण तू आता रोज येऊ नकोस."

पुढचा हंगाम आला. मित्राच्या जागी कुणीतरी उतरायला हवं होतं. दोघं धट्टेकट्टे जवान तयार झाले. उतरण्याआधी ते त्या आंधळ्याच्या ओट्याशी गेले आणि म्हणाले, "काका, तीस वर्षं तुम्ही ज्या आवाजावर उतरलात त्यावर आम्हीही उतरू ना?"

त्याने कुणाला काही सांगणार नाही असा शब्द दिला होता. आणि खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं. तो गप्प बसला.

ते दोघं तसेच घरी गेले. कमरेला दोर बांधायला त्या वर्षी कुणी पुढे झालं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. कंद उकडून किती दिवस काढणार? पलीकडच्या खोऱ्यात तो तरुण एका नव्या कड्यासमोर उभा राहतो आणि वाऱ्याबद्दल भेटेल त्याला विचारतो, अशी बातमी आली. मग एकेक घर तिकडे निघालं. माथ्यावरचे चौघे गेले, पाटील गेले. शेवटी मित्राच्या मुलीने बापाला हाताला धरून नेलं. आबाच्या दारावरून जाताना तो थांबला नाही. थांबायचं कुठे हे त्याला दिसतही नव्हतं.

आबाची बायको म्हणाली, "आपणही जाऊ या की हो."

आबा म्हणाला, "कुठल्या तोंडाने?"

कड्यावर पोळी इतकी वाढली की खडक दिसेना. खाली रुई दुपारी पांढरी व्हायची, पुन्हा हिरवी व्हायची. टेकाडावर एक म्हातारा बसलेला असायचा. सगळं त्याला दिसत होतं. हाक द्यायला दोरावर कुणी नव्हतं.

म्हणून लहानमोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपली जागा टिकावी म्हणून जो आपल्याला ठाऊक असलेलं दुसऱ्यापासून झाकून ठेवतो, त्याच्याकडे शेवटी नुसती जागाच उरते.